बॉनेटचा रंग आणि बुधरीचा तुंबा

रंग कालवायला काय लागतं, असं मी तेव्हा चारचौघांत विचारत असे आणि उत्तरही मीच देत असे. हात स्थिर पाहिजे आणि माप पक्कं पाहिजे, बस्स. या दोन्ही गोष्टी माझ्याजवळ होत्या. बारा वर्षं मी डॉक्टर गुंडावारांच्या दवाखान्यात खोकल्याचं लाल आणि पोटदुखीचं पांढरं मिक्श्चर कालवत होतो. कालची बाटली आणि आजची बाटली शेजारी ठेवली, तर कोणती कुठली हे खुद्द डॉक्टरांना सांगता येत नसे. अशा माणसाला एक साधा निळा रंग जमणार नाही असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला रेचकच दिलं असतं!

मी मुखरू कंपाउंडर. गडचिरोलीत मला अजूनही याच नावानं ओळखतात. ज्या वर्षी नवे पैसे आले, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. आमच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी बरेच दिवस ते अंगावर काढलं. पण एके सकाळी खुर्चीवर ठेवलेल्या टोपीला त्यांनी "काय होते तुले?" असं विचारलं आणि टोपी काही बोलेना म्हणून चिडले, तेव्हा नागपूरला जाऊन डोळा कापून घ्यायचं ठरलं. महिना-सव्वा महिन्याचं काम होतं. जाताना त्यांनी दवाखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि मग, थोडं थांबून, मोटारीची किल्लीही दिली.

"रोज चालू करत जा," ते म्हणाले. "नाक्यापर्यंत ने आन् परत आण. नाक्याच्या पुढं जाऊ नको."

ही गाडी लहानशी, फुगीर नाकाची, नागपूरच्या कुणा वकिलाकडून जुनी घेतलेली. रंगानं फिकट निळी. डॉक्टर मात्र तिला 'शेवाळी' म्हणत. बाईसाहेब हयात होत्या तोवर या एका शब्दावरून त्या घरात रोज चहाच्या वेळी भांडण व्हायचं. बाईसाहेब निळी म्हणायच्या, डॉक्टर शेवाळी म्हणायचे, आणि मी मधे कपबशी धरून उभा असायचो. दोन वर्षांपूर्वी बाईसाहेब गेल्या आणि तो वाद संपला. नाव शेवाळीच राहिलं.

पण माझ्या लेखी ती नुसती गाडी नव्हती. आमची चंदा तिच्या मागच्या सीटवर जन्मली. माझी बायको कमळा हिचं पहिलं बाळंतपण अडलं होतं. डॉक्टर तिला गाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात न्यायला निघाले आणि वैनगंगेच्या घाटाआधीच, एका चिंचेखाली, गाडी थांबवून त्यांनी बाह्या वर केल्या. मी पुढे उभा होतो. करायला काहीच नव्हतं म्हणून तापलेल्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा होतो, आणि हात भाजताहेत हे मला चंदाचं रडणं ऐकू आल्यावर कळलं. दोघीही वाचल्या. त्या दिवसापासून त्या बॉनेटवर धूळ दिसली की मी आपल्या उपरण्यानं पुसत असे.

आणि तेच बॉनेट मी घालवलं.

झालं असं की पंधरा दिवस मी इमानानं नाक्यापर्यंत गेलो आणि परत आलो. सोळाव्या दिवशी माझ्या मनात आलं, पोर्ला तर इथेच आहे. पोर्ल्याला माझी सासुरवाडी. जावई कंपाउंडर आहे म्हणजे नेमकं काय करतो, हे सासऱ्यांना लग्नानंतर पाच वर्षांतही नीट कळलं नव्हतं. मोटार चालवत गेलो तर काहीतरी कळेल, असा माझा हिशेब होता. गेलो. सगळं गाव जमलं. सासऱ्यांनी विचारलं की बैल कुठे असतात, म्हणून मी बॉनेट उघडून इंजिन दाखवलं. मग त्यांच्या भावानं पाहिलं, मग पोलीस पाटलानं पाहिलं. बॉनेट इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं की शेवटच्या वेळी कडी लावायची राहून गेली.

परत येताना मी जरा वेगात होतो. सासऱ्यांनी निरोप देताना मला पहिल्यांदाच 'जावईबापू' म्हटलं होतं, त्याचा परिणाम. अचानक समोरचा रस्ता नाहीसा झाला! बॉनेट वाऱ्यानं उभं राहिलं, काचेवर आपटलं, बिजागऱ्यांतून सुटलं आणि टपावरून मागे गेलं. काच कशी वाचली ते देवाला ठाऊक. मी गाडी थांबवून मागे धावलो. मागून बांबूंनी लादलेला ट्रक येत होता. तो बॉनेटवरून पुढच्या चाकांनी गेला, मग मागच्या चाकांनी गेला, आणि मग ड्रायव्हरला काहीतरी वाटून त्यानं ट्रक मागे घेऊन पुन्हा एकदा पाहिलं. उरलं ते भाकरी थापायच्या लायकीचंही नव्हतं.

मी घरी येऊन गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोन दिवस जेवलो नाही. डॉक्टर ओरडतील याची मला भीती नव्हती. ते ओरडत नसत. त्यांनी बारा वर्षांत मला एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितली होती आणि ती मी केली होती. आता डोळा बरा होऊन ते येणार, आणि त्या नव्या डोळ्यानं पहिलं काय पाहणार, तर माझी बेइमानी. बॉनेट होतं तसं, त्याच रंगाचं, गाडीवर बसलं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं.

तिसऱ्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीनं चांद्याला गेलो. जटपुरा दरवाजाच्या आत एका कबाड्याकडे नेमकं तसंच बॉनेट मिळालं. नाक तेच, बिजागऱ्या त्याच, एक पोचासुद्धा नाही. फक्त रंग लाल होता, नवरीच्या शालूसारखा लाल. मला तर आनंदच झाला. आकार आपल्याला करता आला नसता, रंग आपल्या हातचा. येताना वैनगंगेवरच्या डोंग्यात ते उताणं ठेवलं, तर नावाड्यानं विचारल्याशिवाय त्यात एक शेळी आणि तिची दोन पिल्लं बसवली. पैलतीरी उतरताना शेळीची मालकीण मला म्हणाली की घमेलं मोठं चांगलं आहे, कुठे मिळालं. मी तिला कबाड्याचा पत्ता दिला.

दंडारीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा वारलू पेंटर आमच्या आळीतच राहतो. कुठल्याही शहाण्या माणसानं काम त्याला दिलं असतं. मी त्याच्याकडून फक्त कृती विचारून घेतली. त्यानं सांगितलं, काचकागदानं जुना रंग घासून काढ. सफेदा घे, निळी पूड घे, चिमूटभर काजळी घे. कालवायला जवसाचं तेल घे आणि ते आधी उकळून घे, म्हणजे लवकर वाळेल. "मी करून देऊ काय?" असं त्यानं तीनदा विचारलं. मी हसून नको म्हटलं आणि शनिवारी तेल्याच्या घाण्यावरून डबाभर ताजं जवसाचं तेल आणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलं.

इथे बुधरीबद्दल सांगितलं पाहिजे. एटापल्लीकडच्या एका जंगलगावात ती आणि तिचा नवरा इसरू राहतात. दोन वर्षांपूर्वी इसरूला अस्वलानं फाडलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या हाताला सत्तावीस टाके घातले, आणि दवाखान्याच्या ओसरीवर ते दोघं होते तेवढे पंधरा दिवस कमळानं त्यांना आमच्या घरचं जेवण पोचवलं. तेव्हापासून बुधरी बाजाराला आली की तिचा तुंबा आमच्याकडे येतो. दुधी भोपळा वाळवून केलेला, गळ्यात दोरी बांधलेला तुंबा. कधी त्यात मध असतो, कधी चारोळी. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा कमळाचा धर्म आहे. आईच्या घरून तिनं दुसरं काही आणलं नसेल, पण हे आणलंय. त्यामुळे तुंबा इकडून भरून जातो, तिकडून भरून येतो. दोन वर्षांत तो रिकामा असा कोणी पाहिलेला नाही.

त्या रविवारी बाजार होता. मी अंगणात बॉनेट घासत होतो. मला सणसणीत पडसं झालं होतं, नाकात काही शिरत नव्हतं आणि कानांतही फारसं शिरत नव्हतं. बुधरी येऊन गेल्याचं मी पाहिलं. कमळा आतून मला काहीतरी सांगत होती. मी हूं म्हटलं. तिनं आणखी काही सांगितलं. मी आणखी एकदा हूं म्हटलं. आमचा संसार या हूंवर सुरळीत चालला होता.

सोमवारी सकाळी मी शेगडी पेटवली, डब्यातलं थंडीनं थिजलेलं तेल उकळलं आणि दवाखान्यातला खल, बत्ता आणि औंसाचं मापपात्र घेऊन बसलो. सफेदा आठ औंस, निळी पूड दीड ड्रॅम, काजळी दोन ग्रेन. प्रत्येक वेळी थोडं पत्र्याच्या तुकड्यावर लावून गाडीच्या दाराजवळ धरून पाहत होतो. सातव्या वेळी पत्रा कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं ते मलाच दिसेना. मी शेजारच्या इंदुताईंना बोलावून विचारलं. त्यांनी पत्र्याऐवजी दारावर बोट ठेवलं. मला पदक मिळाल्यासारखं झालं. त्याच तोऱ्यात मी बॉनेटला दोन हात दिले आणि तीन दिवसांत वाळेल असं जाहीर केलं.

मंगळवारी सकाळी, थंडी मी म्हणत होती, मी जाऊन बोट लावलं. घट्ट! मी कमळाला हाक मारली, इंदुताईंना हाक मारली, वारलूलाही मुद्दाम निरोप पाठवला की ये आणि बघ. तो दुपारी आला. त्यानं बोट लावलं आणि त्याचं बोट आत गेलं. सकाळी लाकडासारखा असलेला रंग दुपारच्या उन्हात ओघळायला लागला होता. वारलू बोट माझ्या ताडपत्रीला पुसून निघून गेला. बुधवारी सकाळी पुन्हा घट्ट, दुपारी पुन्हा पातळ. गुरुवारी तेच. रोगी असता तर मी म्हटलं असतं की याला हिवताप झालाय, सकाळी थंडी, दुपारी ताप, कोयनेल द्या.

गुरुवारी दुपारी इंदुताईंनी पलीकडच्या अंगणात नवं धान उफणायला काढलं. धान उफणताना वारा कुठला आहे ते पाहतात, आणि त्यांनी पाहिलं. वारा आमच्याकडचा होता. तासाभरात सगळा कोंडा बॉनेटवर येऊन बसला आणि बसला तो बसलाच. संध्याकाळी त्याला दाढी आली होती. मी चिमट्यानं एक एक फोलपट काढलं, रंगाचा आणखी एक हात दिला आणि ते उचलून दवाखान्याच्या ओसरीवर, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी दादाजी पाटील कंबरेचं मलम न्यायला आले. ते नेहमी त्याच कोपऱ्यात टेकून बसतात, तसेच बसले. मी आत मलम घोटत होतो. ते उठून गेले तेव्हा त्यांचा सदरा मागून पूर्ण निळा होता आणि धोतराचं तर बोलायलाच नको. हे त्यांना दिसलं नाही. बाकी सगळ्या आळीला दिसलं. दुपारपर्यंत गावात बातमी होती की डॉक्टर नाहीत आणि कंपाउंडरनं कंबरेला असं काही दिलंय की माणूस निळा पडतो. संध्याकाळी एकही रोगी आला नाही. खुद्द दादाजी मात्र निरोप पाठवून म्हणाले की मलमाचा गुण चांगला आहे, आणखी द्या.

याच दिवशी डॉक्टरांचं कार्ड आलं. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याच्या हातचं होतं. येत्या गुरुवारी दुपारच्या मोटारीनं पैलतीरी पोचतो, डोंग्यानं इकडे येतो, तू गाडी घेऊन घाटावर ये. खाली एक ओळ डॉक्टरांनी स्वतः लिहिली होती, वाकडीतिकडी, पण स्वतः. 'चष्मा मिळाला. आता मला सर्व दिसते.'

ती ओळ वाचून माझे डोळे भरून आले, आणि मी जाऊन गाडीवरची ताडपत्री आणखी घट्ट बांधली.

शनिवारी मी बॉनेट उचलून पुन्हा घरच्या अंगणात आणलं. रविवारी बाजार. बुधरी आणि इसरू दोघंही आले. बुधरीनं कमळापुढे तुंबा ठेवला आणि खूश होऊन सांगू लागली. मी ओसरीवर डोकं धरून बसलो होतो, पडसं गेलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तुयं जवसाचं तेल लई चांगलं निघालं. आमच्याकडं जवस होत नाई ना. आठ दिस भाजी त्याच्यातच केली."

मी डोकं वर केलं. आमच्या घरी जवसाचं तेल मी आणलेलं तेवढंच होतं. मी कमळाला विचारलं, बुधरीकडे जवसाचं तेल कुठून गेलं?

"कुठून म्हंजे?" कमळा म्हणाली. "मागच्या बाजारी तिनं तुंबाभर मोहाच्या टोळीचं तेल आणलं होतं. तुंबा रिकामा कसा धाडू? तुमच्या डब्यातलं तेल तुंब्यात भरलं, उरलं ते माझ्या बरणीत ओतलं, अन् तिचं तेल तुमच्या डब्यात. मी तुमाले तवाच सांगतलं. तुमी हूं म्हनलं. मी पुन्यांदा सांगतलं, तुमी पुन्यांदा हूं म्हनलं."

टोळ म्हणजे मोहाची बी. तिचं तेल अंगाला लावतात, दिव्यात घालतात, जंगलात खातातही. फार गुणी तेल आहे. थंडीत तुपासारखं गोठतं, उन्हात पातळ होतं, आणि वाळत मात्र कधीच नाही. बुधरी उठून बॉनेटजवळ गेली. तिनं एका बोटानं रंग काढला, नाकाशी नेला, मग तळहातावर चोळून पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, हे तर मायं तेल होय. हे काऊन लावलं? हे तर बायका डोस्क्याले लावतेत."

आधी इसरू हसला. मग कमळा. मग इंदुताई पलीकडून हसायला लागल्या. मी रागावणार होतो, पण रागवायचं कुणावर ते काही केल्या ठरेना. दिलं ते प्रेमानं दिलं होतं, परत केलं ते मानानं केलं होतं, आणि सांगितलं तर मला दोनदा होतं. मी ओसरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पोर्ला, कडी, ट्रक, गुरुवार, सगळं. कमळाला मी नाक्यापलीकडे गेल्याचं ठाऊक होतंच, तिच्याच माहेरी गेलो होतो. पण डॉक्टरांना मी काय तोंड दाखवू, असं मी म्हटलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

इसरूनं अस्वलानं फाडलेल्या हाताची बाही वर सरकवली आणि विचारलं, राख कुठे आहे. बुधरीनं रिठे मागितले. ते दोघं संध्याकाळी आपल्या गावच्या गाडीनं परत जाणार होते. गाडी गेली. ते राहिले. कमळानं हंडाभर पाणी तापवलं आणि आम्ही चौघांनी राख, रिठे आणि नारळाच्या शेंड्या घेऊन ते बॉनेट सोमवारी दुपारपर्यंत घासलं. शेजारून इंदुताई चहा आणून देत होत्या, बहुधा कोंड्याचं मनाला लागून. डॉक्टरांच्या गाडीचं काम आहे एवढंच इसरूला कळलं होतं आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. मी त्याला दोनदा म्हटलं की हात दुखेल, सोड. त्यानं दुखऱ्या हातानंच जास्त घासलं.

जवसाचं तेल कमळाच्या बरणीत तळाला उरलं होतं, जेमतेम पावशेर. वारलूनं या वेळी मला विचारलंच नाही. तो सरळ येऊन बसला, तेल लवकर वाळावं म्हणून त्यात मुरदाडशिंगाची पूड घालून त्यानं ते स्वतः उकळलं आणि कुंचलाही मला दिला नाही. पण निळी पूड संपत आली होती. नवी आणायला चांद्याला जावं लागलं असतं आणि दिवस नव्हता. आहे त्यात भागवलं. तेलही दाट आणि पिवळं झालं होतं. पिवळ्या तेलात थोडी निळी पूड टाकली की काय होतं ते मुलांनाही ठाऊक आहे. बुधवारी संध्याकाळी बॉनेट वाळलं, खणखणीत वाळलं, टिचकी मारली की वाजत होतं. आम्ही ते गाडीवर बसवलं आणि चार पावलं मागे सरून पाहिलं.

गाडी निळी होती. बॉनेट नव्हतं. बॉनेट होतं पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर चढतो त्या रंगाचं.

"लांबून नाई दिसत," वारलू म्हणाला. तो शंभर पावलं दूर गेला आणि तिथून ओरडून म्हणाला की लांबूनही दिसतं.

गुरुवारी मी घाटावर गेलो. नाक्यावरून पुढे जाताना, या वेळी परवानगी असूनही, मला घाम फुटला. चिंचेच्या झाडाखाली गाडी उभी केली. सगळं कबूल करायचं, पहिल्या वाक्यातच, हे ठरवून मी ते वाक्य पाठ करत उभा राहिलो. डोंगा आला. डॉक्टर उतरले. नाकावर जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी, आणि चालणं असं की जणू वाळूचा प्रत्येक कण त्यांना ओळख देत होता. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पैलतीरीच्या झाडांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि तू म्हातारा झालास असं मला सांगितलं. मी पाया पडलो आणि वाक्य सुरू करणार, तोच ते गाडीकडे वळले आणि थांबले.

ते एकदा गाडीभोवती फिरले. दुसऱ्यांदा फिरले. दार पाहिलं, मागचा भाग पाहिला, बॉनेटवर हात ठेवला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"मुखरू," ते म्हणाले, "बॉनेट तर आपलंच आहे. बाकीची गाडी कोनाची घेऊन आला?"

माझं पाठ केलेलं वाक्य पार विरघळलं. मी तिथेच वाळूवर उकिडवा बसलो आणि जे सुचेल ते, उलटसुलट, सांगत गेलो. बाकीची गाडी तीच आहे, बॉनेटच नवं आहे, मी नाक्याच्या पुढे गेलो होतो, कडी लावली नव्हती. गाडी पहिल्यापासून निळीच आहे. डॉक्टर ऐकत होते की नाही कळेना. ते दारावरून हात फिरवत होते, सावकाश, जसा एखाद्या रोग्याच्या कपाळावर फिरवतात.

"निळीच आहे रे," ते म्हणाले. "ती खरं सांगत होती. किती वर्षं भांडलो मी तिच्यासंग. डोळा माहा खराब होता आन् म्हनत होतो तिले, का तुले दिसत नाई."

मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला. डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी माझं उपरणं पुढे केलं. मीही रडत होतो, पण माझ्याकडे दुसरं उपरणं नव्हतं.

मी म्हटलं, दोन दिवसांत चांद्याहून पूड आणतो आणि वारलूकडून बॉनेट अगदी गाडीसारखं निळं करून घेतो. त्यांनी काठी आपटली.

"हात लावू नको त्याले. बॉनेट माह्या म्हनन्याचं, बाकी गाडी तिच्या. असीच राहू दे."

आणि मग, गाडीत बसता बसता, त्यांनी विचारलं की पोर्ल्याला जेवायला काय होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, एवढं सगळं खाल्ल्यावर माणूस कडी विसरणारच, पण आता पहिले उतर आणि ती लावली का पाहून ये. मी उतरून पाहिली. लावलेली होती. घरी पोचेपर्यंत त्यांनी मला आणखी दोनदा उतरवलं.

ती गाडी अजून तशीच आहे, अर्धी डॉक्टरांची आणि अर्धी बाईसाहेबांची. बाहेरगावचे लोक हसतात. गावातलं कोणी हसत नाही. दादाजी पाटील तर आपला निळा सदरा अजून घालतात, कंबरेला बरं वाटतं म्हणून. किल्ली डॉक्टरांनी मला परत दिली आहे, आणि त्या किल्लीएवढं मोठं मला आयुष्यात कुणी काही दिलेलं नाही. रोज चालू करायची आणि नाक्याच्या पुढे न्यायची नाही, या जुन्या दोन अटींशिवाय त्यांनी फक्त एक नवी अट घातली. घरी कोणी काही सांगत असेल तर हूं म्हणायचं नाही, तोंड वळवून ऐकायचं. मी कबूल केलं. मनापासून केलं. डॉक्टरांचे, बुधरीचे, इसरूचे आणि कमळाचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की त्यापुढे ही अट म्हणजे काहीच नाही.

आज रविवार आहे. बाजाराचा दिवस. मी हे ओसरीवर बसून लिहितोय आणि बुधरी नुकतीच येऊन, तुंबा ठेवून, बाजारात गेली. माझ्या शाईची बाटली मघापर्यंत इथेच होती, ती आता दिसत नाही, आणि आत तुंब्यात काहीतरी ओतल्याचा आवाज येतोय. कमळा आतून काहीतरी सांगत होती खरी, पण मी या गोष्टीच्या शेवटाच्या इतका जवळ आलो होतो की मी तिला नुसतं हूं म्हटलं.

थांबा, जरा आत जाऊन पाहून येतो.